उतरणीवरची गाडी आणि कुत्र्याचा गुडघा

उतरणीवर ठेवलेल्या ठोकळ्याचे गणित मी गेली वीस वर्षे अकरावीच्या वर्गात शिकवीत आलो आहे. फळ्यावर एक काटकोन त्रिकोण, त्याच्या तिरप्या बाजूवर एक ठोकळा, आणि ठोकळ्याच्या वजनाचे दोन घटक: एक उतरणीला लंब, दुसरा उतरणीच्या दिशेने खाली ओढणारा. मुले हे गणित वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि बहुधा विसरून जातात. दोन वर्षांपूर्वी मात्र तास संपल्यावर एक विद्यार्थी माझ्यापाशी आला आणि त्याने मला असा प्रश्न विचारला, की ते गणित मलाच नव्याने शिकावे लागले.

“सर, आमच्या राजाचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, की कुत्र्याच्या गुडघ्यात उतार असतो आणि त्या उतारावरून हाड घसरतं. आज तुम्ही शिकवलंत ते हेच का? आणि ऑपरेशन झालं, तरी राजा अजून लंगडतो तो का?”

राजा म्हणजे त्यांच्या घरचा सात वर्षांचा, ३४ किलोग्रॅम वजनाचा लॅब्राडोर कुत्रा. घरात दोन मते पडली होती. वडील म्हणत, “एकदा कापाकापी झाली, तेवढी पुरे. आता त्याला त्रास नको.” आजी म्हणत, “मुका जीव आहे. दुखतंय हे तो सांगणार कुणाला?” दोघांचेही म्हणणे मायेचेच होते, पण निर्णय मायेवर घेता येत नव्हता. पाय का दुखतो हे आधी कळावयास हवे होते. त्या शोधाची ही हकिगत आहे.

कुत्र्याचा गुडघा कोठे असतो?

पुढे वाचण्यापूर्वी एक काम करा. रस्त्यावरचा किंवा घरचा एखादा कुत्रा दुरून नीट पाहा आणि त्याच्या मागच्या पायाचा गुडघा दाखवा. दहापैकी आठ जण पायाच्या मध्याखाली जो मागे टोक काढून वाकलेला सांधा दिसतो, त्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, “कुत्र्याचा गुडघा उलटा असतो!” तो गुडघा नव्हे. ती कुत्र्याची टाच आणि घोटा होय. कुत्रा आपल्यासारखा तळपाय टेकून चालत नाही, तो बोटांवर चालतो. म्हणून त्याची टाच जमिनीपासून बरीच वर असते. खरा गुडघा त्याच्याही वर, पोटाच्या कडेला, कातडीच्या आणि केसांच्या आड असतो, आणि तो आपल्या गुडघ्यासारखाच पुढच्या बाजूला टोक करून वाकतो.

एक फरक मात्र फार महत्त्वाचा आहे. आपण उभे राहिलो की आपला गुडघा जवळजवळ सरळ होतो. कुत्रा उभा असतानाही त्याचा गुडघा वाकलेलाच असतो. तुम्ही अर्धवट खुर्चीत बसल्यासारखे गुडघे वाकवून पाच मिनिटे उभे राहून पाहा, म्हणजे गुडघ्यावर आणि मांडीच्या स्नायूंवर किती ताण येतो ते कळेल. कुत्रा जन्मभर तसाच उभा असतो.

गुडघ्यात तीन मुख्य हाडे असतात. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि पुढे लहानशी वाटी. मांडीच्या हाडाची खालची टोके दोन गोल चाकांसारखी असतात. नडगीच्या हाडाचा माथा बऱ्याच अंशी सपाट असतो. गोल चाके सपाट माथ्यावर नीट टेकावीत म्हणून मधे कूर्चेच्या दोन अर्धचंद्राकृती गाद्या असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. या गाद्या भार पसरवून देतात आणि धक्के सोसतात. सांध्याच्या अगदी मध्यभागी दोन मजबूत अस्थिबंध एकमेकांवर फुलीसारखे आडवे गेलेले असतात. त्यांपैकी पुढचा अस्थिबंध हा आपल्या गोष्टीचा नायक आहे. नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये, हे त्याचे मुख्य काम.

दोरीने बांधलेली गाडी

आता उताराकडे वळू. नडगीच्या हाडाचा माथा सपाट असला, तरी तो आडवा नसतो. तो मागच्या बाजूला उतरता असतो. माणसात हा उतार साधारण ५ ते १० अंशांचा असतो. बहुतेक कुत्र्यांत तो २० ते ३० अंशांच्या दरम्यान आढळतो.

एखाद्या टेकडीच्या उतारावर एक गाडी उभी आहे आणि ती घरंगळू नये म्हणून वरच्या बाजूला दोरीने बांधली आहे, असे समजा. टेकडी म्हणजे नडगीच्या हाडाचा माथा, गाडी म्हणजे मांडीचे हाड आणि दोरी म्हणजे पुढचा अस्थिबंध. गाडीच्या मागच्या चाकाखाली अडसर म्हणून एक दगड ठेवला आहे. तो दगड म्हणजे आतल्या बाजूच्या गादीचा मागचा भाग. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील पशुशल्यचिकित्सक बार्कले स्लोकम यांनी हेच चित्र वापरून कुत्र्याच्या गुडघ्याचा विचार मांडला. पाय टेकला की नडगीच्या हाडाला पुढे ढकलणारे एक बल निर्माण होते, हे त्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले.

थोडे गणित करू. राजा चालत असताना गुडघ्यातील दोन हाडे एकमेकांवर ४०० न्यूटन बलाने दाबली जातात असे धरून चालू. (हा आकडा केवळ गणितासाठी घेतला आहे. स्नायूंच्या ओढीमुळे सांध्यातील बल चालीप्रमाणे सारखे बदलत असते.) राजाच्या गुडघ्याचा उतार एक्स-रेवर मोजला तेव्हा तो २७ अंश भरला. २७ अंशांची ज्या, म्हणजे साइन, ०.४५ आहे. तेव्हा उताराच्या दिशेने ओढणारा घटक ४०० × ०.४५, म्हणजे १८० न्यूटन होईल. हा ताण दोरीवर, म्हणजे त्या अस्थिबंधावर, प्रत्येक पावलाला येणार. उतार ६ अंशांचा असता, तर ज्या ०.१०५, आणि घटक केवळ ४२ न्यूटन! बल तेवढेच, हाडे तीच. फक्त कोन बदलला आणि दोरीवरचा ताण चौथाईच्याही खाली आला.

हे घरी करून पाहता येईल. ३० सेंटिमीटर लांबीची एक फळी घ्या. तिच्या एका टोकाला रबरी धाग्याने खेळण्यातली मोटार बांधा आणि तेच टोक १३.६ सेंटिमीटर उचला. हा झाला २७ अंशांचा उतार. रबर किती ताणले ते पट्टीने मोजा. मग टोक ३.१ सेंटिमीटरवर आणा, म्हणजे ६ अंश होतील, आणि पुन्हा मोजा. शेवटी फळी पुन्हा उंच करून मागच्या चाकाशी खोडरबराचा लहान तुकडा ठेवा आणि रबरी धागा कापा. मोटार त्या तुकड्यावर चढू पाहते किंवा त्याला चेपून ढकलते. हे शेवटचे दृश्य लक्षात ठेवा. राजाच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

माणसाचा हा अस्थिबंध बहुधा खेळताना, पाय एकाएकी मुरगळून तुटतो. कुत्र्यात बहुतेक वेळा तसे होत नाही. अस्थिबंधाचे तंतू महिनोन्‌महिने झिजत, विरत जातात आणि एके दिवशी जिना चढण्यासारख्या साध्या निमित्ताने उरलेली दोरी तुटते. लॅब्राडोर, रॉटवायलर, न्यूफाउंडलँड या जातींत हे अधिक आढळते, तर ग्रेहाउंडमध्ये क्वचितच. एका पायाचा अस्थिबंध गेलेल्या बऱ्याच कुत्र्यांचा पुढे दुसऱ्या पायाचाही जातो.

दोरी बदलावी की टेकडी?

तुटलेल्या दोरीवर उपाय दोन प्रकारचे. एक तर नवी दोरी बांधावयाची, नाही तर टेकडीच बदलावयाची.

पहिला मार्ग जुना आहे. फिनलंडमधील हेलसिंकी येथे पाटसामा यांनी १९५२ मध्ये आपल्या प्रबंधात कुत्र्याच्या मांडीवरील चिवट आवरणाची पट्टी काढून ती सांध्यातून ओवण्याची पद्धत वर्णन केली. १९७० मध्ये अमेरिकेतील डीअँजेलिस आणि लाऊ यांनी सांध्याच्या आत न जाता बाहेरच्या बाजूने टाके घालून गुडघा आवळण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या. या कामासाठी जाड एकपदरी नायलॉन वापरतात. मोठे मासे पकडण्याच्या गळाला जो दोरा लावतात, त्याच जातीचा! हा दोरा कायम टिकावा अशी अपेक्षाच नसते. सांध्याभोवती शरीर स्वतः जाड, घट्ट ऊतक तयार करते, तोवर काही आठवडे त्याने गाडी धरून ठेवावी, एवढेच त्याचे काम.

दुसरा मार्ग स्लोकम यांचा. टेकडीच सपाट केली, तर दोरीची गरजच उरणार नाही, असे ते म्हणाले. त्यांची शस्त्रक्रिया १९९३ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली. आज ती टीपीएलओ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. नडगीच्या हाडाचा माथा गोल कापणाऱ्या करवतीने कमानीसारखा कापतात, तो तुकडा कमानीवरच फिरवून उतार ५-६ अंशांवर आणतात आणि पोलादी पट्टी व स्क्रू लावून हाड पक्के करतात. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील मोंताव्हाँ आणि तेपिच यांच्या गटाने तिसरी वाट काढली. तिच्यात उतार तसाच ठेवून, वाटीखालची कंडरा जेथे नडगीला चिकटते तो हाडाचा उंचवटा पुढे सरकवितात. त्यामुळे कंडरेच्या ओढीची दिशा माथ्याला काटकोनात येते आणि पुढे ढकलणारा घटक नाहीसा होतो.

तिन्ही पद्धतींनी असंख्य कुत्री पुन्हा धावू लागली आहेत. पण काही थोडी लंगडतच राहतात, किंवा काही काळ बरी होऊन पुन्हा लंगडू लागतात. राजा त्या थोड्यांपैकी एक होता.

संशयितांची यादी

राजाला त्याच्या मालकांनी शहरातील एका पशुशल्यचिकित्सकांकडे नेले. विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मीही बरोबर गेलो. मला वाटले होते, की ते एक्स-रे पाहतील आणि शस्त्रक्रियेची तारीख देतील. ते म्हणाले, “लंगडणं हे उत्तर नाही, तो प्रश्न आहे. प्रयोग चुकला, तर तुम्ही तोच प्रयोग डोळे मिटून पुन्हा करता का?” मग त्यांनी कागदावर संशयितांची यादीच केली.

पहिला संशयित दोरा. नायलॉनवर सतत ताण आला, की ते हळूहळू लांबते. शिवाय गुडघा वाकताना आणि सरळ होताना दोऱ्याच्या दोन टोकांतील अंतर कायम सारखे राहत नाही. म्हणून तो कधी फार ताणला जातो, कधी सैल पडतो. पुरेसे ऊतक तयार होण्याआधीच तो सैल झाला किंवा तुटला, तर गाडी पुन्हा घरंगळते. टीपीएलओ झालेल्या कुत्र्यात या जागी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: उतार पुरेसा कमी झाला का? तुकडा फिरविल्यानंतर हलला तर नाही ना? येथे अतिरेकही चालत नाही. उतार फारच कमी केला, तर गाडी उलट बाजूला घसरू लागते आणि सगळा ताण मागच्या अस्थिबंधावर येतो.

दुसरा संशयित आतल्या बाजूची गादी. बाहेरची गादी मांडीच्या हाडाशी बांधलेली असल्यामुळे त्याच्याबरोबर सरकते आणि पुष्कळदा वाचते. आतली गादी नडगीच्या हाडाला घट्ट चिकटलेली असते. नडगी पुढे सरकली, की ती गादीलाही पुढे नेते आणि तिचा मागचा भाग मांडीच्या हाडाच्या चाकाखाली सापडतो. खोडरबराचा तुकडा आठवला ना? गादीला लांबट चीर पडून तिची आतली कड बादलीच्या कडीसारखी सुटी होते आणि पावलागणिक पुढे येऊन अडकते. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी धड असलेली गादीही नंतर अशी फाटू शकते. गादीच्या आतल्या भागाला रक्तपुरवठा नसल्यामुळे ही चीर आपोआप सांधत नाही.

तिसरा संशयित जंतू. कुत्र्याच्या कातडीवर नेहमी राहणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू धातूच्या पट्टीवर किंवा दोऱ्यावर जाऊन बसले, तर ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. या थराआड प्रतिजैविक औषधे नीट पोचत नाहीत. औषध चालू असेतो कुत्रा बरा दिसतो आणि औषध थांबले की पुन्हा लंगडू लागतो.

चौथा संशयित गुडघ्याच्या बाहेरचा. दुखणे खुब्यात असेल, पाठीच्या कण्यात असेल, दुसऱ्या पायाचा अस्थिबंध गेला असेल, किंवा हाडाचा कर्करोगही असू शकेल. अशा वेळी गुडघा दहा वेळा उघडला तरी उपयोग नाही.

आणि पाचवा संशयित संधिवात. सांध्याचे पृष्ठभाग एकदा खरबरीत झाले, की ते पूर्ववत होत नाहीत. शस्त्रक्रिया अगदी बिनचूक झालेली असूनही त्यामुळे थोडे लंगडणे मागे राहू शकते.

डोळे, हात आणि मग यंत्रे

तपास सुरू झाला तो यंत्रांनी नव्हे, डोळ्यांनी. राजाला अंगणात सावकाश चालविले, मग दुडक्या चालीने पळविले. मागचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना कुत्रा मान खाली घालतो आणि वजन पुढे ढकलतो. पुढचा पाय दुखत असेल, तर नेमके उलट, तो टेकताना डोके वर उचलतो. गुरुत्वमध्य हलविण्याची ही युक्ती त्याला कोणीही शिकविलेली नसते! राजा बसला तेव्हा त्याने डावा पाय पोटाखाली न घेता बाजूला पसरून ठेवला. गुडघा पुरता वाकविणे दुखत असल्याची ती खूण.

मग मी माझा भौतिकीचा वाटा उचलला. उभा कुत्रा आपल्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्या पायांवर घेतो. राजाच्या मागच्या दोन पायांवर मिळून १३-१४ किलोग्रॅम यावयास हवेत, म्हणजे प्रत्येकी सुमारे ७. आम्ही स्नानगृहात ठेवतात तसले दोन वजनकाटे मागच्या पायांखाली आणि तेवढ्याच उंचीच्या फळ्या पुढच्या पायांखाली ठेवल्या. दहा वेळा वाचने घेऊन सरासरी काढली. उजवा पाय ९, डावा ४! मोठ्या पशुवैद्यकीय संस्थांत हेच काम जमिनीत बसविलेल्या बलमापक पट्टीने, कुत्रा चालत असताना करतात. मुक्या प्राण्याचे दुखणे आता आकड्यांत बोलू लागले होते.

त्यानंतर डॉक्टरांच्या हातांची पाळी. त्यांनी खुबा, कणा आणि दुसरा गुडघा तपासला. तेथे काही आढळले नाही. मांडीचा घेर मोजला, तेव्हा डाव्या मांडीचे स्नायू बारीक झालेले निघाले. मग एका हाताने मांडीचे आणि दुसऱ्या हाताने नडगीचे हाड धरून ते पुढे सरकते का ते पाहिले. टेबलाचा खण ओढावा तसे ते किंचित पुढे आले. गुडघा वाकविताना एकदा ‘कट्’ असा आवाजही झाला.

राजाला गुंगीचे औषध देऊन नवे एक्स-रे काढले. उतार मोजण्यासाठी घोट्याच्या मध्यापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत एक रेषा काढतात, तिला गुडघ्याशी लंब टाकतात आणि त्या लंबाचा माथ्याच्या रेषेशी होणारा कोन मोजतात. शाळेतल्या कंपासपेटीत मावेल असे हे काम! शेवटी सुईने सांध्यातील थोडे द्रव काढले. निरोगी सांध्यातील द्रव थोडे, स्वच्छ आणि चिकट असते. जंतू शिरले, की ते गढूळ आणि पांढऱ्या पेशींनी भरलेले दिसते. राजाच्या द्रवात जंतुसंसर्गाचे चिन्ह नव्हते.

ही शेवटची तपासणी टाळली असती तर? सांध्यात जंतू असताना नवी पट्टी बसविणे म्हणजे त्यांना नवे घर बांधून देणे. जंतू असतील, तर ते कोणते आणि कोणत्या औषधाला दबतात हे प्रयोगशाळेत वाढवून पाहावे लागते. हाड जुळेपर्यंत ते धरून ठेवणारी पट्टी काढता येत नाही. एकदा हाड जुळले, की पट्टी आणि स्क्रू काढून टाकणे हीच पुष्कळदा खरी दुसरी शस्त्रक्रिया ठरते.

दुसऱ्यांदा उघडलेला गुडघा

राजाच्या बाबतीत पाचांपैकी दोन संशयित उरले: सैल दोरा आणि फाटकी गादी. दुसरी शस्त्रक्रिया करावयाचे ठरले.

दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. पहिल्या जखमेच्या जागी घट्ट, वणाचे ऊतक झालेले असते आणि ओळखीच्या खुणा त्यात बुजून जातात. हाडात जुनी भोके असतात. भोकाच्या कडेशी ताण एकवटतो, हे तुम्ही कागदाला टाचणीने छिद्रे पाडून तो ओढून पाहिलात तर लगेच कळेल. म्हणून नवे स्क्रू कोठे बसवावयाचे आणि हाड कोठून कापावयाचे, हे आधी एक्स-रेवर आखून ठेवावे लागते. पुन्हा भूल द्यावी लागते, पुन्हा खर्च येतो आणि पुन्हा दोन-तीन महिने कुत्र्याला जपावे लागते. डॉक्टरांनी हे सारे वडिलांना आधीच स्पष्ट सांगितले, आणि “संधिवाताचं जे झालंय ते मी परत फिरवू शकणार नाही,” असेही सांगितले.

सांधा उघडला, तेव्हा नायलॉनचा दोरा सैल होऊन बाजूला पडलेला दिसला आणि आतल्या गादीची कड बादलीच्या कडीसारखी सुटून पुढे आलेली होती. फाटका भाग तेवढा काढला. धड भागाला हात लावला नाही, कारण गादी जितकी जास्त काढावी, तितका भार थोड्या जागी एकवटतो आणि संधिवात वाढतो. मग उताराचे काम. २७ अंशांचे ६ अंश करावयाचे, म्हणजे तुकडा २१ अंश फिरवावयाचा. पण हाडावर अंश कसे मोजणार? करवतीची त्रिज्या २४ मिलिमीटर होती. कंसाची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले रेडियनमधील कोन. २१ अंश म्हणजे ०.३६७ रेडियन. २४ × ०.३६७ = ८.८ मिलिमीटर. हाडावर दोन खुणा करावयाच्या आणि तुकडा कमानीवर तेवढा सरकवावयाचा. एका अंशाची चूक येथे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते! रेडियन कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्या मुलांना मी आता हे उदाहरण देतो.

पुढचे आठ आठवडे राजाला उडी नाही, जिना नाही, दोरी सोडून पळणे नाही. हाडाला घाई चालत नाही. पट्टी कितीही मजबूत असली, तरी रोजच्या हजारो पावलांनी धातूही थकतो. आठव्या आठवड्याच्या एक्स-रेत हाड जुळलेले दिसले आणि मग फिरणे थोडे थोडे वाढविले. सहाव्या महिन्यात आम्ही पुन्हा वजनकाटे मांडले. उजवा ७, डावा ६.

राजा आज पळतो. थंडीच्या सकाळी उठताना तो पहिली चार पावले जरा ताठ टाकतो, मग ठीक होतो. संधिवाताचा तेवढा वाटा त्याच्याजवळ राहिला आहे. त्यासाठी नवा चाकू नको होता. वजन आटोक्यात ठेवणे, रोज बेताचे फिरणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले औषध एवढे पुरे होते. त्याचे वजन आता ३० किलोग्रॅमवर आणले आहे. वर दिलेल्या गणितात बल कमी केले, की घटकही त्याच प्रमाणात कमी होतो, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

एक सूचना विसरू नका. कुत्रा लंगडतो म्हणून माणसांसाठी आणलेली दुखण्याची गोळी त्याला देऊ नका. आयब्युप्रोफेनसारखी औषधे कुत्र्याला विषासारखी बाधतात, आणि पॅरासिटामॉलने मांजराचा तर जीवही जाऊ शकतो.

राजाच्या घरी आता वाद उरलेला नाही. वडिलांची भीती खरी होती, कारण कारण न शोधता केलेली दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे नुसतीच कापाकापी झाली असती. आजींचेही खरे होते, कारण त्या मुक्या जीवाच्या गुडघ्यात खरोखरच काही तरी पावलोपावली अडकत होते. या दोन खऱ्या गोष्टींमधला रस्ता सापडला, तो पाहणे, मोजणे आणि एकेक शक्यता तपासून बाजूला काढणे यांमुळे.

यापुढे एखादा कुत्रा लंगडताना दिसला, तर क्षणभर थांबा. कोणता पाय टेकताना तो मान खाली घालतो ते पाहा. बसताना कोणता पाय बाजूला ठेवतो ते पाहा. तो घरचा असेल, तर हे सारे वहीत लिहून पशुवैद्यांना दाखवा. त्याला बोलता येत नाही. त्याच्या वतीने निरीक्षण आपणच करावयाचे असते.